कुटुंब मोडल्यावरच कुटुंबाची दखल

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या लिपिकपदांसाठी जी जाहिरात निघते, तीत वयोमर्यादेतील सवलतींचा एक तक्ता असतो. खुल्या वर्गातील उमेदवाराला २८ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. त्या तक्त्यात खाली एक नोंद आढळते : विधवा, घटस्फोटित, तसेच कायद्याने विभक्त झालेल्या व पुनर्विवाह न केलेल्या स्त्रियांसाठी ही मर्यादा ३५ वर्षांपर्यंत शिथिल राहील. आता याच्या जोडीला दुसरा एक नियम ठेवून पाहावा. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. ही रजा स्त्री कर्मचाऱ्यांना मिळते. पुरुषांपैकी ती कोणाला मिळावी? तर ज्याची पत्नी हयात नाही, किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळून आहे, अशाला.

दोन्ही नियम सहृदय आहेत, यात शंका नाही. ज्यांच्यावर प्रसंग गुदरला आहे त्यांना हात देण्याच्या बुद्धीनेच ते केले गेले. परंतु दोन्ही शेजारी ठेवून वाचले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. संसारात गुंतल्यामुळे नोकरीला उशीर होऊ शकतो हे शासनाला मान्य आहे. मात्र संसार मोडल्यावर. मुलाला बापाचीही गरज असते हेही मान्य आहे. मात्र आई गेल्यावर किंवा अंथरुणाला खिळल्यावर. कुटुंब धडधाकट असेपर्यंत नोकरीच्या हिशेबात ते जमेलाही धरलेले नाही आणि खर्चालाही नाही. घरी कोणीतरी आहेच, तेव्हा विचारण्याचे कारण काय, असा हा हिशेब आहे. तो कोणी दुष्टबुद्धीने मांडलेला नाही. तो इतका जुना आहे की तो मांडलेला आहे याचाच विसर पडला आहे.

आपल्याकडील नोकरीची, आणि आता ज्याला सर्रास 'करिअर' म्हटले जाते त्याची कल्पना एका सरळ रेषेची आहे. विशी-बाविशीत नोकरीला लागावे, सेवेत खंड पडू देऊ नये, बदली होईल तेथे जावे, ज्येष्ठता यादीत वर सरकत राहावे आणि अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्त व्हावे. या रेषेवर चालणाऱ्याला ताप आलेले मूल नाही, शाळेतील पालकसभा नाही, अर्धांगाने आजारी असलेले वडील नाहीत. म्हणजे असतात; पण त्यांचे पाहणारे दुसरे कोणी असते. एका माणसाच्या पगारात वस्तुतः दोन माणसांचे श्रम विकत घेण्याची ही पद्धत आहे आणि त्यांपैकी एकाचेच नाव हजेरीपटावर येते.

एके काळी हे उघडपणे नियमांत लिहिलेले असे. भारतीय परराष्ट्र सेवेच्या जुन्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याला विवाहापूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागे आणि घरगुती जबाबदाऱ्यांमुळे तिच्या कामात बाधा येईल असे शासनाला वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता येई. १९४९ मध्ये या सेवेत आलेल्या सी. बी. मुथम्मा यांनी पदोन्नती डावलली गेल्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या प्रकरणी १९७९ मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता : घरगुती जबाबदारी स्त्रीच्या कामाआड येत असेल, तर ती पुरुषाच्या कामाआड का येऊ नये? दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. पहिल्या गरोदरपणी नोकरी संपुष्टात आणणारा नियम न्यायालयाने रद्द ठरविला. मात्र नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत विवाह केल्यास नोकरी जाईल, हा नियम कायम ठेवला.

अशा अटी पुढे नियमपुस्तकांतून गेल्या. पण कृष्ण अय्यर यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी दिले नाही. घरगुती जबाबदारी पुरुषाच्याही कामाआड येऊ शकते, असे गृहीत धरून नोकरीची रचना करण्याऐवजी, ती कोणाच्याच कामाआड येत नाही असे गृहीत धरले गेले. स्त्रीला पुरुषाच्या रेषेवर चालण्याची मुभा मिळाली. रेषा होती तेथेच राहिली.

तीस किलोमीटरचा संसार

या रचनेत कुटुंबाचा शिरकाव कोठे झालाच नाही असे नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांना 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा शब्दप्रयोग चांगला परिचयाचा आहे. फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणात अशा शिक्षकांचा एक विशेष संवर्ग करण्यात आला. दोघांच्या कार्यस्थळांतील अंतर तीस किलोमीटरपेक्षा अधिक असेल तर त्यांना जवळ आणण्यासाठी प्राधान्य मिळू लागले. शब्द रुक्ष आहे. दाखले, अंतराची प्रमाणपत्रे, त्यांवरील हरकती आणि खोटी अंतरे दाखविल्याचे आरोप यांनी तो आणखी रुक्ष झाला आहे. तरीही त्याचे महत्त्व कमी लेखू नये. शिक्षक हा एकटा जीव नसून त्याचा एक संसार आहे आणि त्या संसाराला भौगोलिक अंतर असते, हे एका शासकीय कागदाने मान्य केले. दोघांपैकी एकाने नोकरी सोडायची, किंवा मुलांनी आजीकडे वाढायचे, किंवा नवऱ्याने शनिवारची एस. टी. गाठायची, या तीन पर्यायांपलीकडे चौथा पर्याय असू शकतो, असे मान्य केले.

अर्थात या प्राधान्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. जो अविवाहित आहे, किंवा ज्याची पत्नी नोकरी करीत नाही, त्याच्या वाट्याला दुर्गम गाव येते. त्याची तक्रार खोटी नाही. त्याच्याही घरी वृद्ध आई असू शकते आणि तिची नोंद एकत्रीकरणाच्या रकान्यात होत नाही. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि मुले एवढेच समजणारा नियम अपुरा आहे. पण अपुरा नियम सुधारता येतो.

बायकांचे तास

घरकामाचा हिशेब ठेवणे अर्थशास्त्राने फार उशिरा शिकून घेतले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवितात, याची ती नोंद आहे. २०२४ च्या पाहणीनुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या सहा वर्षांवरील स्त्रिया त्या कामांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात. ती कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. घरातील मुले, वृद्ध व आजारी यांची देखभाल हा वेगळा विषय. पंधरा ते एकोणसाठ वयोगटात त्यात ४१ टक्के स्त्रियांचा सहभाग आढळला आणि त्यांची रोजची १४० मिनिटे त्यात गेली. पुरुषांचा सहभाग सुमारे २१ टक्के आणि वेळ ७४ मिनिटे. कचेरीतील लिपिक स्त्री सायंकाळी सहाची लोकल पकडते ती घरी विश्रांतीला जाण्यासाठी नव्हे, दुसऱ्या पाळीला हजर होण्यासाठी, हे सांगायला पाहणीची गरज नव्हती. पण आकडा पुढे आला म्हणजे ती केवळ तक्रार राहत नाही.

या विभागणीचे समर्थन करणारे अर्थशास्त्रही आहे. गॅरी बेकर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुटुंबविषयक ग्रंथात असे मांडले की, कुटुंब हा एक छोटा कारखानाच आहे. एकाने बाजारातील कामात आणि दुसऱ्याने घरच्या कामात विशेष कौशल्य मिळविले तर कुटुंबाचे एकूण उत्पन्न वाढते. युक्तिवाद बिनतोड दिसतो. १९९२ मध्ये बेकर यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण त्यात जोखमीचा विचार अपुरा पडतो. बाजारात मिळविलेले कौशल्य माणूस बरोबर घेऊन जातो. घरात मिळविलेल्या कौशल्याला त्या घराबाहेर किंमत नसते. नवरा वारला, विवाह मोडला, किंवा त्याची गिरणी बंद पडली, म्हणजे विशेषीकरणाचा सारा फायदा कोणाच्या पदरात पडला आणि तोटा कोणाच्या, हे दिसू लागते. बँकेच्या जाहिरातीतील ती ३५ वर्षांची सवलत बेकर यांच्या सिद्धांतावरील सर्वात बोलके भाष्य म्हणता येईल.

खर्च कोणी सोसावा?

इथे प्रसूती रजेच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे, कारण कुटुंबाचा विचार करणारी कोणतीही सोय अखेर या एका प्रश्नावर अडते. हा प्रश्न मुंबईला नवा नाही. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात तसेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मांडलेली भूमिका आजही ध्यानात घेण्याजोगी आहे. मातेला प्रसूतिकाळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, हे त्यांचे म्हणणे होते. सरकार तो उचलत नाही तोवर, स्त्रीच्या श्रमांचा लाभ घेणाऱ्या मालकाने तो उचलणे गैर नाही, असेही त्यांनी सांगितले. १९२९ चा कायदा झाला तो भार मालकावर ठेवूनच. त्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. पुढील दशकांत हे प्रमाण घसरत गेले. रात्रपाळीवरील बंदी, वाइंडिंग-रीळ खात्यांतील यंत्रे, कामाची फेररचना ही त्याची कारणे होतीच. परंतु स्त्री कामगार महाग पडते ही मालकाच्या मनातील वजाबाकीही त्यांत होती.

ही वजाबाकी अजून चालू आहे. १९६१ च्या कायद्यातील बारा आठवड्यांची रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा, हीही तरतूद झाली. आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु सव्वीस आठवड्यांचे पूर्ण वेतन मालकाने द्यायचे, आणि बापाच्या रजेबद्दल कायद्यात शब्दही नाही, अशी ही रचना आहे. पंधरा-वीस माणसांच्या लहान संस्थेचा चालक दोन सारख्या अर्जांपैकी कोणता उचलील, हे त्याने मोठ्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

याला पर्याय आपल्याच देशात आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा योजनेत प्रसूतीच्या काळातील वेतन विमा निधीतून दिले जाते. त्या निधीत मालक सर्व विमाधारक कामगारांमागे, स्त्री-पुरुष न पाहता, हप्ता भरतो. रजेवर कोण गेले यावर त्याचा खर्च अवलंबून नसतो, म्हणून स्त्रीला नाकारण्याचे आर्थिक कारणच उरत नाही. ही सोय ठराविक वेतनमर्यादेखालील कामगारांपुरती आहे. ती मर्यादेवरील नोकरदारांना का लागू करू नये, हा प्रश्न अर्थसंकल्पाच्या चर्चेत सहसा येत नाही. आला तर वित्तीय तूट पुढे केली जाते. आणि बापाची रजा? स्वीडनने १९७४ मध्ये आई-बाप दोघांनाही मिळू शकेल अशी पालक रजा सुरू केली आणि अनुभवाने असे शिकले की, वाटून घ्या म्हटले की ती आईच घेते. म्हणून १९९५ पासून तेथे रजेचा काही भाग असा राखून ठेवला गेला की तो दुसऱ्याला देता येत नाही. न घेतल्यास बुडतो. आपल्याकडे केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. बारसे उरकण्यापुरती ती ठीक आहे.

औषधांचे दुकान

रजा वाढविणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. खरा गुंता कामाच्या घडणीत आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये नोबेल मिळाले ते स्त्रियांच्या नोकरीच्या दीर्घ इतिहासावरील कामासाठी. त्यांचे एक निरीक्षण असे की, काही व्यवसाय अधाशी असतात. जो केव्हाही बोलावले तरी येईल, रात्री दहालाही फोन घेईल, त्याला ते तासांच्या मानाने कितीतरी अधिक मोबदला देतात. मूल असलेल्या घरात दोघांनी असा व्यवसाय करणे अशक्य. मग एक जण तो पत्करतो आणि दुसरा, बहुधा दुसरी, कमी पैशाची पण वेळेवर घरी सोडणारी नोकरी धरते.

याउलट उदाहरण म्हणून गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी अमेरिकेतील औषधविक्रेत्यांचा अभ्यास केला. पूर्वी हा विक्रेता आपल्या दुकानाचा मालक असे; तोच दुकान उघडी, तोच बंद करी, गिऱ्हाइकांची दुखणी त्याच्या स्मरणात असत. पुढे दुकानांच्या साखळ्या आल्या, औषधे प्रमाणित झाली, रुग्णांच्या नोंदी संगणकावर गेल्या. एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहू लागला. परिणामी अर्धवेळ काम करणाऱ्याचा ताशी मोबदला पूर्णवेळ माणसापेक्षा कमी राहिला नाही, स्त्रिया या व्यवसायात मोठ्या संख्येने आल्या आणि स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील अंतर इतर बहुतेक व्यवसायांपेक्षा कमी झाले. हे कोणत्याही कायद्याने घडले नाही. एकाचे काम दुसऱ्याला करता येईल अशी कामाची मांडणी झाली, एवढेच.

आपल्या बँकेतही हे स्थित्यंतर होऊन गेले आहे. हातातील खातेवही बाळगणारा लिपिक गेला. कोणत्याही खिडकीवर कोणतेही खाते उघडते. तरीही अर्धा दिवस काम, अर्धा पगार, पण नोकरीची पूर्ण हमी आणि ज्येष्ठतेत प्रमाणशीर वाटा, अशी सोय आपल्याकडे कल्पनेतही नाही. आपल्याकडे अर्धवेळ काम म्हणजे काय, ते महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांना विचारावे. तासाचे पैसे, सुटीचे नाहीत, सेवेची मोजदाद नाही, जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. अशा स्थितीत कोणी आपणहून कमी तास का मागेल? नेदरलँड्सने १९९६ मध्ये कामाच्या तासांवरून कर्मचाऱ्यांत भेदभाव करण्यास कायद्याने मनाई केली आणि २००० मध्ये तास कमी-अधिक करून मागण्याचा हक्क दिला. आपल्या देशात बेकारी अफाट, तेव्हा तेथील कायदा येथे उचलून आणता येणार नाही हे खरे. पण एका पूर्ण जागेवर दोन जणांना हमी देणे, हे बेकारीच्या देशात अधिक परवडण्याजोगे आहे, कमी नव्हे.

या संदर्भात आणखी एका नोकरीचा उल्लेख केला पाहिजे. अंगणवाडी सेविका. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेत त्या दुसऱ्यांची मुले सांभाळीत आल्या आहेत. त्यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडावे लागले. मूल सांभाळणे हे काम नसून माया आहे, हा समज घरात विनामोबदला आहे, तोच शासनाच्या दारी मानधनाच्या नावाने उभा आहे.

मुलग्यांना न विचारलेला प्रश्न

ही सारी गृहीते माणसाच्या मनात शिरतात ती नोकरी लागल्यावर नव्हे, शाळेत असतानाच. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली गेली. कृषी, वाणिज्य, कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा, असे कल तीत पाहिले जात. तो उपक्रम चांगलाच होता. पण कल हा केवळ विषयांचा असतो काय? डोनाल्ड सुपर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाच्या क्षेत्रात एक वेगळी कल्पना मांडली. माणसाचे करिअर म्हणजे त्याची नोकरी नव्हे. मूल, विद्यार्थी, नागरिक, कामगार, घर सांभाळणारा अशा अनेक भूमिका तो एकाच वेळी वठवितो, आणि आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर त्यांपैकी एकीचा पट्टा रुंद होतो, दुसरीचा अरुंद. त्यांनी याला इंद्रधनुष्याची उपमा दिली. त्या चित्रात एक पट्टा काही वर्षे बारीक झाला म्हणून रेषा तुटली असे कोणी म्हणत नाही.

आपल्या मार्गदर्शन मेळाव्यांतून हा प्रश्न विचारलाच जात नाही असे नाही. तो फक्त मुलींना विचारला जातो. शिक्षिकेची नोकरी बरी, घराकडे लक्ष देता येते, हा सल्ला किती पिढ्यांनी ऐकला असेल. तो सल्ला अगदीच चुकीचा नव्हे. चूक ही की, शेजारी बसलेल्या भावाला तो कोणी दिला नाही. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत पहाटेपासून स्पर्धा परीक्षेच्या तयारीला बसणाऱ्या तरुणाला आपण कोणत्या जिल्ह्यात राहू, आई-वडील आजारी पडले तर कोण जाईल, आणि आपली होणारी पत्नीही अधिकारी असली तर बदल्यांचे काय, या प्रश्नांचा विचार करण्याचे प्रशिक्षण कोणी देत नाही. त्याने तो विचार केला तर तो खचला, असे समजतात.

विज्ञानाच्या क्षेत्रात मात्र, थोड्या प्रमाणात का होईना, उलट दिशेने पावले पडली. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने या शतकाच्या आरंभी, खंड पडलेल्या स्त्री शास्त्रज्ञांसाठी योजना काढली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत पीएच. डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांची अधिक मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा दिली. यातही बाप नाही, ते असो. पण येथे स्त्रीला वैधव्याचा किंवा घटस्फोटाचा दाखला जोडावा लागत नाही, ही गोष्ट महत्त्वाची.

राज्य सेवेच्या परीक्षांसाठी महाराष्ट्राने २०१६ मध्ये खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ वर नेली. ती काही घरसंसाराच्या विचाराने नेली नव्हती; तरीही दोन मुले शाळेत गेल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या स्त्रीला तिचा उपयोग झाला. बँकांच्या लिपिकपदाच्या जाहिरातीत विधवा व घटस्फोटित स्त्रियांपुढे जो ३५ हा आकडा लिहिलेला आहे, तो मूल सांभाळण्यासाठी काही वर्षे घरी राहिलेल्या कोणाही स्त्रीपुढे किंवा पुरुषापुढे लिहिण्यास सरकारी तिजोरीतून एक पैसाही खर्च होणार नाही. परीक्षा तीच, गुणांची अट तीच, जागा तेवढ्याच. बदलायचा आहे तो तक्त्यातील एक रकाना.